वाकलेली भिंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चार गिर्यारोहक मित्रांनी पुण्याजवळच्या एका शेडमध्ये सरावासाठी भिंत बांधली, त्याला आता काही वर्षं झाली. रविवारी सकाळी नवी मुलं येतात, त्यांचे आईबाबा येतात. ‘निंजा वॉरियर’ या अडथळ्यांच्या शर्यतीच्या टीव्ही कार्यक्रमाचे व्हिडिओ सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेले असतात आणि प्रश्नही बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं जरा निवांतपणे एका जागी लिहून ठेवावीत, असं बरेच दिवस मनात होतं.

ही भिंत म्हणजे नेमकी कोणती?

अडथळ्यांच्या शर्यतीत शेवटाकडे येते ती. तळाशी जमिनीला समांतर, मग घसरगुंडीच्या उलट्या बाकासारखी वर वळत जाणारी, आणि शेवटचे काही फूट सरळ उभी. पकडायला खोबण नाही, दोर नाही, पायरी नाही. थोडं अंतर धावत यायचं, भिंतीवर चार पावलं टाकायची, झेपावून वरची कड पकडायची आणि अंग वर ओढून घ्यायचं. अमेरिकेत तिला ‘वॉर्प्ड वॉल’ म्हणतात. आमच्याकडच्या मुलांनी तिचं नाव ‘वाकडी’ ठेवलंय आणि तेच रुळलंय.

मूळ नाव काय? कुठली आहे ही?

जपानची. मूळ नाव ‘सोरितात्सु काबे’. ‘काबे’ म्हणजे भिंत आणि ‘सोरितात्सु’ म्हणजे मागे बाक घेऊन उभी राहिलेली. जपानी तलवारीच्या पात्याला जो बाक असतो, त्यालाही ‘सोरी’ म्हणतात. मला हे नाव इंग्रजी नावापेक्षा जास्त पटतं. ‘वॉर्प्ड’ म्हटलं की ओलाव्याने वाकलेली फळी डोळ्यांसमोर येते. ही भिंत मात्र ताणलेल्या धनुष्यासारखी दिसते.

‘निंजा वॉरियर’ ज्यावरून निघाला तो ‘सासुके’ हा मूळ कार्यक्रम जपानच्या टीबीएस वाहिनीवर १९९७ साली सुरू झाला. सारुतोबी सासुके या कथांमधल्या निंजावरून त्याचं नाव पडलं. दर पर्वात साधारण १०० स्पर्धक आणि एकाहून एक अवघड चार टप्पे. पहिलं पर्व बंदिस्त सभागृहात झालं. त्यानंतर योकोहामातल्या मिदोरीयामा इथल्या स्टुडिओच्या उघड्या मैदानात कायमचा तळ पडला. ‘मिदोरी’ म्हणजे हिरवा आणि ‘यामा’ म्हणजे डोंगर.

१९९९ साली, चौथ्या पर्वात, काझुहिको अकियामा यांनी चारही टप्पे पार केले. असं करणारे ते पहिलेच. पूर्वी ते खेकडे पकडणाऱ्या बोटीवर काम करत आणि त्यांची दृष्टी जन्मापासून अधू होती. कोडं सुटलं म्हटल्यावर आयोजकांनी कोडंच बदललं. पुढच्या, म्हणजे २००० सालच्या पाचव्या पर्वात मार्ग नव्याने मांडला गेला आणि त्यात ही भिंत पहिल्यांदा उभी राहिली. अनेक अडथळे आले आणि गेले, ही मात्र टिकून आहे. जगात जिथे जिथे या कार्यक्रमाची आवृत्ती निघाली, तिथे तिथे ती पोचली.

उंची किती असते?

अमेरिकेच्या कार्यक्रमात सुरुवातीला १४ फूट होती, नंतर साडेचौदा झाली, म्हणजे सुमारे ४ मीटर ४२ सेंटीमीटर. मिदोरीयामाची पाच मीटरच्या घरातली. तुलना हवी असेल तर आपल्या घराचं छत साधारण दहा फुटांवर असतं, त्याच्याही वर आणखी साडेचार फूट धरा.

इतक्या उंच भिंतीच्या टोकाला माणूस पोचतोच कसा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच.

आधी एक साधं माप घ्या. भिंतीला लागून उभे राहा, एक हात सरळ वर करा, बोटांची टोकं पोचतील तिथे खूण करा. आम्ही याला ‘पोच’ म्हणतो. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाची पोच साधारण २१५ सेंटीमीटर असते. भिंत ४४२. म्हणजे त्याला स्वतःला सुमारे २२७ सेंटीमीटर वर उचलायचंय. चांगला व्हॉलीबॉलपटू जागेवरून ७०-८० सेंटीमीटर उडतो. नुसत्या उडीने हे काम होणारच नाही, ते इथेच स्पष्ट होतं.

उरलेली उंची धावण्यातून येते. धावणाऱ्या शरीरात वेगाची ऊर्जा साठलेली असते आणि वक्र भिंत त्या आडव्या वेगाला वरची दिशा देते. शाळेत शिकलेलं सूत्र इथे कामाला येतं: उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण). सेकंदाला ६ मीटर वेगाने आलात, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर, तर त्या वेगात सुमारे १८३ सेंटीमीटर चढण्याइतकी ऊर्जा असते. तोच वेग सेकंदाला ५ मीटर झाला तर उंची उरते १२७ सेंटीमीटर. फरक पाहा. वेग सहाव्या हिश्श्याने कमी झाला आणि उंची ५६ सेंटीमीटरने घटली. वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे थोडी कुचराईसुद्धा फार महागात पडते.

प्रत्यक्षात घर्षणात आणि गुडघे वाकण्यात यातलं थोडं वाया जातं. ते नुकसान भरून काढायचं आणि उरलेले चाळीस-पन्नास सेंटीमीटरही मिळवायचे, हे काम भिंतीवर टाकलेल्या पावलांचं. प्रत्येक पाऊल रेटा देतं. हात सगळ्यात शेवटी कामाला येतात, तेही कड हाती लागली तरच. म्हणून दंड कमावलेली मुलं पहिल्या दिवशी खाली घसरतात आणि काटकुळी पण पळणारी मुलं वर जाऊन बसतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की नवीन आलेल्याचे दंड बघणं मी सोडूनच दिलंय. तो जिना कसा चढतो ते बघतो.

बाक कशाला? तो नसता तर सोपं झालं असतं की अवघड?

अवघड, आणि बरंच. सपाट उभ्या भिंतीवर धावत गेलात तर आडव्या वेगाचा बहुतेक भाग आदळण्यात जातो. पार्कूर (भिंती-कठड्यांवरून धावत, उड्या मारत जाण्याचा खेळ) करणारे सपाट भिंतीवरही चढतात, पण एका पावलाच्या रेट्यावर, आणि त्यांच्या भिंती यापेक्षा ठेंगण्या असतात. बाकामुळे पाय फटकन न आदळता वळत जातो.

मात्र बाक आपला मोबदला वसूल करतो. समजा वळणाची त्रिज्या ३ मीटर आहे आणि तुम्ही सेकंदाला ६ मीटर वेगाने त्यात शिरलात. त्या क्षणी पायांवर तुमच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. ६० किलोच्या माणसाला १३० किलो पेलावे लागतात, तेही धावता धावता, एका वेळी एका पायावर. मांड्या तयार नसतील तर गुडघा दुमडतो आणि वेग तिथेच गळून पडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा वर पोचला नाही. खरं तर तो खालीच हरलेला असतो.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. पायाची पकड घर्षणावर असते आणि घर्षण पाय भिंतीवर किती दाबला जातो त्यावर. वळणात असेपर्यंत वळणच पाय दाबून धरतं. भिंत सरळ उभी झाली की तो दाब संपतो, मग पाय नुसता घसरतो. म्हणून शेवटचं जोरदार पाऊल वळण संपायच्या आत पडायला हवं. त्याच्या वर टाकलेलं पाऊल फुकट जातं.

उंच माणसालाच जमतं ना हे?

पोच जास्त म्हणून उंच माणसाला सवलत मिळते हे खरं. पण ‘उंच असेल तरच’ हे खोटं, आणि ते २०१४ साली सगळ्या जगासमोर खोटं ठरलं.

केसी काटान्झारो ही अमेरिकन जिम्नॅस्ट, उंची जेमतेम पाच फूट. त्या वर्षी डॅलसच्या फेरीत १४ फुटांची भिंत चढणारी ती अमेरिकेच्या कार्यक्रमातली पहिली महिला ठरली. पुढे शहराच्या अंतिम फेरीचा अख्खा मार्ग पूर्ण करणारीही पहिलीच. तिची पोच १९० सेंटीमीटरच्या आसपास धरली, तर तिला अंग जवळजवळ २३७ सेंटीमीटर उचलावं लागलं. १७० सेंटीमीटरच्या पुरुषाला त्याच भिंतीवर २१२ पुरले असते. वीतभर जास्त, आणि ती वीत तिने पूर्णपणे पायांतून काढली. तो व्हिडिओ शोधून पाहा. कड हातात येते त्या क्षणाआधीच तिचा चेहरा सांगतो की आता जमलं. आमच्या शेडमध्ये पहिल्यांदा येणाऱ्या मुलींना मी तो आधी दाखवतो, मग भिंत दाखवतो.

२०१६ साली जेसी ग्राफ या स्टंट कलाकार महिलेने लास वेगासच्या राष्ट्रीय अंतिम फेरीचा पहिला टप्पा पूर्ण केला. तिथवर पोचणारीही ती पहिली महिला.

जमवायचं कसं? क्रम सांगा.

पहिलं, धाव. अंतर कमी असतं, पाच-सहा पावलांचं. त्यामुळे सुरुवातीच्या दोन पावलांतच वेग यायला हवा. खो-खो खेळणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. खांबापासून सुटणारा खेळाडू जसा पुढे झुकून निघतो, तसंच निघायचं. आमच्याकडे सगळ्यांत लवकर कुणी भिंत चढलं असेल तर खो-खोच्या पोरींनी.

दुसरं, नजर. भिंतीच्या तळाकडे बघाल तर पाऊल आपोआप आखूड पडतं, माणूस नकळत थांबतो. पहिल्या पावलापासून नजर कडेवर हवी. हे मी दिवसातून पन्नास वेळा ओरडून सांगतो.

तिसरं, भिंतीवरची पावलं. चवड्यावर टाकायची, टाच टेकवायची नाही. खाली थोडी लांब, वर जाता जाता आखूड आणि जलद. तीन ते चार पुरतात. पाचवं टाकावं लागलं तर समजा वेग आधीच सरलाय.

चौथं, अंग. यात सगळ्यात जास्त चुका होतात. वर जाताना भीतीने माणूस भिंतीला चिकटतो, छाती टेकवतो. अंग चिकटलं की पायाचा दाब जातो आणि पाय निसटतो. उलट जास्त मागे कलला तर शेवटचा रेटा त्याला भिंतीपासून लांब ढकलतो, कड समोर दिसते पण हात पोचत नाही. या दोन्हींच्या मधलं अंतर शब्दांत सांगता येत नाही, दहा-वीस वेळा घसरूनच ते अंगात मुरतं. मी एवढंच सांगतो: कंबर भिंतीकडे, खांदे किंचित बाहेर.

पाचवं, झेप. शेवटच्या पावलाचा रेटा वरच्या दिशेने द्यायचा. एक हात आधी जातो, तो कडेवर अडकला की दुसरा. दोन्ही हात एकदम वर टाकले तर खांदे समांतर राहतात आणि पोच काही सेंटीमीटरने कमी भरते. एक हात टाकताना त्या बाजूचा खांदाही वर जातो. करून बघा, भिंतीवरच्या खुणेत फरक दिसेल.

सहावं, कड हाती आल्यावर लगेच ओढू नका. एक क्षण लोंबकळा, झोका थांबू द्या, मग कोपर कडेवर आणा. घाई करणारे इथून खाली आलेले मी पाहिलेत, आणि त्यांच्याइतकं वाईट मला कुणासाठी वाटत नाही.

टीव्हीवर इतके तयार खेळाडू इथे का हुकतात?

कारण ते ताजेतवाने नसतात. भिंत शेवटाकडे येते. आधीच्या अडथळ्यांनी मांड्या भरून आलेल्या असतात, हात थरथरत असतात, कधी बुटात पाणी गेलेलं असतं. मिदोरीयामाला मैदान उघडं, त्यामुळे पाऊस आणि दवही असतं. सरावात वीस वेळा चढलेली भिंत दमलेल्या पायांनी एकदा चढणं हा वेगळाच खेळ आहे. म्हणून आम्ही सरावात भिंतीआधी दोरीच्या उड्या आणि बैठका घालायला लावतो. मुलं कुरकुरतात. महिन्याने कुरकुर थांबते.

किती वेळा प्रयत्न करता येतो?

अमेरिकेच्या पात्रता फेरीत तीन संधी मिळतात. ‘सासुके’च्या पहिल्या टप्प्यात घड्याळ चालू असतं, वेळ आहे तोवर कितीही वेळा धावा. ऐकायला हे जास्त उदार वाटतं, पण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर पाय आणखी जड होतात. तिसऱ्यात जमलं नाही तर सहाव्यात क्वचितच जमतं. ‘सासुके’च्या काही पर्वांत लागोपाठ दोन भिंती उभ्या केल्या होत्या, पहिली ठेंगणी, दुसरी पूर्ण उंचीची.

‘मेगा वॉल’ म्हणजे हीच का?

हिचीच थोरली बहीण. अमेरिकेत २०१८ साली नेहमीच्या भिंतीशेजारी १८ फुटांची भिंत आली. ती पहिल्या प्रयत्नात चढणाऱ्याला तेव्हा १० हजार डॉलर मिळत. १८ फूट म्हणजे साधारण ५४९ सेंटीमीटर. आपल्या १७० सेंटीमीटरच्या माणसाला इथे ३३४ सेंटीमीटर वर जायचंय. वरच्या सूत्रात घालून बघा, नुसत्या वेगाने जायचं तर सेकंदाला ८ मीटरहून जास्त वेग लागेल, आणि तोही त्या छोट्याशा धावेत.

‘जंपिंग स्पायडर’ ही पण भिंतच आहे ना?

भिंतच, पण स्वभाव एकदम निराळा. समोरासमोर दोन उभ्या भिंती, मध्ये हवा, खाली पाणी. ट्रॅम्पोलिनवरून उडी घ्यायची, दोन भिंतींच्या मध्ये शिरायचं आणि हातपाय दोन्हीकडे फाकवून, दाबून, तिथेच अडकायचं. मग कोळ्यासारखं सरकत पुढे.

सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. दोन कातळांच्या फटीत पाठ आणि पाय रेटून चढतात त्याला आपण ‘चिमणी’ म्हणतो. तत्त्व तेच: धरायला काही नाही, तुमचा दाब हीच पकड. दाब सुटला की पडलात. फरक एवढा, की चिमणीत तुम्ही सावकाश शिरता, इथे उडत शिरायचं असतं. उडी आखूड पडली तर भिंतींच्या तोंडाशीच घसरता. उडीच्या जोरात हातपाय उशिरा फाकले तर आत शिरूनही खाली.

आणि इथे शरीराच्या मापाचा हिशोब बदलतो. वाकड्या भिंतीवर कमी उंची वेगाने भरून काढता येते. दोन भिंतींमधलं अंतर मात्र वेगाने कमी होत नाही. ज्याचे हातपाय आखूड त्याला ते जवळजवळ पूर्ण ताणावे लागतात, आणि ताणलेल्या पायात जोर उरत नाही. डॅलसला इतिहास घडवणारी काटान्झारो त्याच वर्षी लास वेगासमध्ये पहिल्या टप्प्यात इथेच पाण्यात पडली. तिच्या तयारीत उणं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. अडथळा सगळ्यांना सारखा असला तरी शरीरं सारखी नसतात, आणि मला वाटतं आयोजकांनी ही रुंदी ठरवताना लहान चणीच्या खेळाडूंचा जास्त विचार करायला हवा होता.

सगळे टप्पे आजवर किती जणांनी पार केले?

जपानमध्ये २०२० च्या डिसेंबरपर्यंतच्या ३८ पर्वांत फक्त चौघांनी, मिळून सहा वेळा. १९९९ ला अकियामा. २००६ ला माकोतो नागानो, हे मासेमारी बोटीचे कप्तान. २०१० आणि २०११ ला युजी उरुशिहारा, हे बुटांचे विक्रेते. २०१५ आणि २०२० ला युसुके मोरिमोतो. जपानीत या पूर्ण विजयाला ‘कान्झेनसेइहा’ म्हणतात. ही नावं मी मुलांना पाठ करायला लावतो. खेकडे पकडणारा, मासे पकडणारा आणि बूट विकणारा. कुणीही खेळाडू म्हणून नोकरीला नव्हता.

अमेरिकेत २०१५ साली जेफ ब्रिटन आणि आयझॅक काल्डिएरो या दोघांनी एकाच पर्वात शेवटचा ७५ फुटांचा दोर ३० सेकंदांच्या आत चढला. ब्रिटन आधी चढला, पण काल्डिएरो काही सेकंदांनी जलद ठरला आणि १० लाख डॉलर त्याला मिळाले. हा काल्डिएरो मुळात प्रस्तरारोहक, हे सांगताना आमची छाती थोडी फुगते.

हे ऑलिम्पिकमध्ये येणार म्हणतात, खरं का?

खरं, मात्र आधुनिक पंचकातला (मॉडर्न पेंटॅथलॉन, पाच क्रीडाप्रकार मिळून होणारी स्पर्धा) एक भाग म्हणून. टोकियोच्या स्पर्धेत घोडेस्वारीच्या वेळी एका घोड्याने अडथळ्यांवरून उडी मारायला नकार दिला, त्याला चाबकाचे फटके आणि एक ठोसा बसला आणि जगभर संताप उसळला. त्यानंतर या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत आणायचं २०२२ साली पक्कं केलं. घोडे शेवटचे धावले ते २०२४ च्या पॅरिसमध्ये. या नव्या शर्यतीच्या शेवटी वक्र भिंतच असते, तिथे तिला ‘त्सुनामी’ म्हणतात.

२०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये हा बदललेला खेळ असेल, यावर शिक्कामोर्तब कुठे झालं ठाऊक आहे? मुंबईत. २०२३ च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन तिथे भरलं होतं. त्या दिवशी आपल्याकडच्या बातम्यांत क्रिकेटच्या पुनरागमनाचाच गजर होता आणि ते साहजिकही होतं. पण वाकड्या भिंतीचा ऑलिम्पिकचा रस्ताही त्याच सभागृहात मोकळा झाला, हे आमच्या मुलांना सांगितलं की ती पुन्हा एकदा धावायला जातात.

पोलीस भरतीला याचा उपयोग होईल का?

थेट नाही. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत धावणं आणि गोळाफेक आहे, भिंत नाही. १०० मीटरची सुरुवात मात्र या सरावाने नक्की सुधारते. मैदानी चाचणी तोंडावर असेल तर घोटा धोक्यात घालून भिंतीवर येऊ नका.

कोणते बूट घालावेत?

पातळ आणि मऊ रबरी तळाचे. जाड गादीचे जॉगिंगचे बूट नकोत, त्यात रेटा मुरून जातो. तळ ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, धूळ हा पकडीचा सगळ्यात मोठा शत्रू. अनवाणी येऊ नका.

मुलांना कोणत्या वयापासून आणावं?

सात-आठ वर्षांपासून चालेल, पण पाच फुटांच्या भिंतीवर. उंची वयाप्रमाणे वाढवू नका, सलग दहापैकी आठ वेळा जमलं की अर्ध्या फुटाने वाढवा. आणि आधी खाली यायला शिकवा. कड सुटली तर उलट्या दिशेला उडी मारायची नाही. भिंतीकडे पाठ करून बसकण मारत, बाकावरून घसरत यायचं. बहुतेक दुखापती चढताना होत नाहीत, घाबरून मागे उडी टाकताना होतात. घोटा, मनगट आणि नडगी, बहुधा याच क्रमाने.

आमच्या सोसायटीत किंवा शाळेत अशी भिंत बांधता येईल का?

येईल, आणि बांधावीच असं मला मनापासून वाटतं. पण आमची चूक करू नका.

पहिली भिंत आम्ही सरळ फळ्यांच्या तीन तुकड्यांतून बनवली. प्रत्येक तुकडा जरा जास्त उभा, म्हणजे बाक आलाच, असा आमचा समज. तुकड्यांच्या सांध्यावर कोन तयार झाला. धावत येणारा पाय त्या कोनात पडला की घोटा एकदम मागे दुमडायचा. दुसऱ्याच आठवड्यात माझाच घोटा मुरगळला, सहा आठवडे पट्टी होती. पोरांपैकी कुणाचा गेला नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. ती भिंत आम्ही त्याच संध्याकाळी उतरवली.

दुसरी बांधताना सुताराकडून आधी बाकाच्या आकाराच्या फासळ्या कापून घेतल्या, जहाजाच्या सांगाड्यासारख्या, एकेका फुटावर एक. त्यांवर वाकणाऱ्या पातळ प्लायचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. बाकाची त्रिज्या कुठेही अडीच मीटरच्या आत घेतली नाही. स्क्रूची डोकी खोल बसवून वर लांबी (पुट्टी) भरली. रंगात बारीक वाळू मिसळली, पण फक्त खालच्या दोन तृतीयांश भागात, कारण वरून घसरताना वाळू कोपरं सोलते. कडेला अर्धगोल लाकडी पट्टी, हाताच्या मुठीत बसेल इतकी. वर उभं राहायला किमान चार फूट रुंद माची आणि तिला मागून आणि बाजूंनी कठडा, हे विसरू नका. चढलेलं मूल आनंदाने नाचतं, आणि ते नाचणार हे धरूनच माची बांधायची. खाली येण्यासाठी मागे वेगळा जिना हवा, म्हणजे चढणारा आणि उतरणारा समोरासमोर येत नाहीत. तळाशी दोन्ही बाजूंना गाद्या.

आमची पूर्ण भिंत १२ फुटांची आहे, शेजारी ८ आणि ५ फुटांच्या दोन. छप्पर आणखी उंच नाही, म्हणून साडेचौदाची बांधता आली नाही. पावसाळ्यात ओल धरते, म्हणून जून ते सप्टेंबर रोज सकाळी आधी कोरड्या फडक्याने पुसतो आणि ठोकून पाहतो. पोकळ आवाज आला तर त्या दिवशी भिंत बंद.